वाचकांचे प्रश्न : विशेष मुलांच्या वर्गातील मदतनीस – पात्रता कोणती आणि पैसा कुठला?

गेल्या अंकात समावेशित शिक्षणावरील (दिव्यांग मुलांनी इतर मुलांसोबत एकाच वर्गात शिकण्यावरील) लेख प्रसिद्ध झाल्यानंतर नागपूर शहर आणि जिल्ह्यातून जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी शिक्षकांविषयी नाहीत, तर दिव्यांग मुलाच्या शेजारी बसून त्याला वर्गात सावरून घेणाऱ्या मदतनिसांविषयी आहेत. पत्रांचा सूर वेगवेगळा असला तरी रोख दोनच गोष्टींकडे आहे: या कामासाठी कोणते शिक्षण ग्राह्य धरले जाते, आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा. या दोन प्रश्नांची उत्तरे एका खिडकीवर मिळत नाहीत, कारण आपल्याकडे कायद्याची मान्यता विशेष शिक्षकाला मिळते, निधी मुलाच्या नावाने येतो आणि मदतनीस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहून जातो. पत्रलेखकांची नावे गाळून काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझे वय ३६ असून शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे. एका खासगी शाळेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीसोबत मी मदतनीस म्हणून बसते. समाजमाध्यमावर ‘शॅडो टीचर’ (म्हणजे मुलाच्या शेजारी बसणारा मदतनीस) होण्यासाठीच्या काही आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची जाहिरात पाहिली. प्रमाणपत्र ‘सरकारमान्य’ आहे, असे त्यात म्हटले आहे. फी भरावी का? – एक वाचक भगिनी, मानेवाडा

उत्तर : फी भरण्यापूर्वी ही मान्यता नेमकी कोणी दिली, हे त्या संस्थेला लेखी विचारा. दिव्यांगांच्या शिक्षण व पुनर्वसनाशी संबंधित अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचा आणि ते पूर्ण करणाऱ्यांची केंद्रीय नोंदवहीत नोंद करण्याचा अधिकार १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. या कायद्यानुसार ‘विशेष शिक्षक’ हा नोंदणी आवश्यक असलेला व्यावसायिक आहे, आणि नोंदणी नसताना तसा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वर्गातील मदतनीस ही श्रेणी मात्र त्या यादीत नाही. म्हणजे मदतनीस म्हणून बसण्यासाठी आपल्याला परिषदेचा क्रमांक लागत नाही. परंतु काही आठवड्यांच्या कोणत्याही प्रमाणपत्राने आपण विशेष शिक्षिकाही होत नाही. जाहिरातदार नेमके या दोहोंमधील धूसर जागेत दुकान मांडतात.

आपल्यासारख्या बारावी उत्तीर्ण व्यक्तीसाठी खरा रस्ता विशेष शिक्षणातील डी.एड. पदविकेचा आहे. ती दोन वर्षांची पूर्णवेळ पदविका असून बारावीला कोणत्याही शाखेत ५० टक्के गुण असावे लागतात. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व, श्रवणदोष, दृष्टिदोष अशा तिच्या वेगवेगळ्या शाखा आहेत आणि एकदा घेतलेली शाखा नोंदणीवरही तशीच उमटते. म्हणून आज शेजारी बसलेल्या एका मुलीकडे पाहून शाखा ठरवू नका. आपल्या भागातील शाळांमध्ये कोणत्या मुलांसाठी माणसे हवी असतात, याची चौकशी करून मग ठरवा. पदवीधरांसाठी विशेष शिक्षणातील बी.एड. आहे. तेही दोन वर्षांचे आहे.

दोन वर्षे देणे शक्य नसेल, तर परिषदेचा काळजीवाहकांसाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. त्यात शिकवण्यापेक्षा सांभाळण्यावर भर असतो. मूल उचलणे, भरवणे, स्वच्छता, हालचालींना मदत करणे आणि आपत्कालीन प्रसंग हाताळणे हे त्याचे विषय. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीसोबत बसणाऱ्या आपल्याला त्याचा उपयोग उद्यापासूनच होईल. तिसरा पर्याय सहा महिन्यांच्या समुदायाधारित समावेशक विकास अभ्यासक्रमाचा आहे. पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने तो २०२१ मध्ये सुरू केला आणि तो पूर्ण करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हटले जाते. त्याचा कल वस्तीत, घरोघरी जाऊन काम करण्याकडे आहे, त्यामुळे केवळ वर्गातच काम करायचे असल्यास तो माझ्या मते आपल्यासाठी दुय्यम ठरेल.

मान्यता तपासणे कठीण नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार संस्थांची यादी असते. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती त्या पत्त्यावरील त्या अभ्यासक्रमाला ठरावीक शैक्षणिक वर्षांपुरती मिळते. एखाद्या संस्थेचे पुण्यातील केंद्र यादीत असून नागपुरातील ‘शाखा’ नसेल, तर नागपुरात भरलेल्या फीचा नोंदणीसाठी उपयोग होणार नाही. अभ्यासक्रमाचे नावही अक्षरशः जुळवून पाहा. शंका राहिली तर नागपुरातील संयुक्त प्रादेशिक केंद्रात प्रत्यक्ष जाऊन विचारा. दिव्यांगांच्या कौशल्यविकास व पुनर्वसनासाठीचे हे केंद्र सरकारचे केंद्र आहे. प्रवेशापूर्वी एखाद्या जुन्या संस्थेतील काम पाहण्याची परवानगी मागणेही शहाणपणाचे ठरेल. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाचे काम प्रसूतिगृहापासून बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचले आहे, तर दृष्टिहीनांसाठी द ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आहे. असे वर्ग एकदा डोळ्यांनी पाहिले की, आपल्याला सांभाळायचे आहे की शिकवायचे आहे, याचा निर्णय करणे सोपे जाते.

आणि त्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे काय? त्यातून चार गोष्टी शिकायला मिळतील, असे वाटत असेल तर जरूर शिका. मात्र फी त्या चार गोष्टींची भरा, प्रमाणपत्राची नव्हे. समावेशित शिक्षणावरील मूलभूत घटक ‘दीक्षा’ या सरकारी मंचावर विनामूल्य उपलब्ध आहेत, हेही फी भरण्याआधी लक्षात असू द्या.

प्रश्न : विशेष शिक्षणाच्या पदविकेला मुलीला घालायचे आहे. आम्ही अनुसूचित जातीचे असून मजुरीवर घर चालते. शिष्यवृत्ती मिळेल का? – एक पालक, इंदोरा

उत्तर : पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपली पहिली वाट आहे. तिचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून करावा लागतो. प्रवेश घेण्यापूर्वीच त्या संकेतस्थळावर संस्था आणि अभ्यासक्रम ही दोन्ही नावे दिसतात का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून पाहून घ्या. पुनर्वास परिषदेची मान्यता असली, तरी संस्थेने महाडीबीटीवर अभ्यासक्रम नोंदवलेला नसेल, तर अर्जच भरता येत नाही, आणि ही गोष्ट बहुधा पहिला हप्ता भरून झाल्यावर लक्षात येते. खुल्या प्रवर्गातील वाचकांनी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची चौकशी करावी. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे, परंतु मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीची अट तिलाही आहे. इतर मागासवर्गीयांसाठीच्या महाज्योती या संस्थेचे मुख्यालय नागपुरातच असल्याने अनेक जण तिकडे जातात, मात्र तिच्या योजनांचा भर स्पर्धा परीक्षांच्या तयारीवर आहे.

प्रशिक्षणार्थी स्वतः दिव्यांग असेल आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही आहे. स्वतः दिव्यांग असलेल्या मुली या अभ्यासक्रमाला फार थोड्या येतात, याची मला खंत वाटते. शिक्षकांच्या नेमणुकांत दिव्यांग शिक्षकांचाही समावेश असावा, असे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा स्पष्ट सांगतो.

एक व्यावहारिक बाब. ही पदविका पूर्णवेळ असून तिला उपस्थितीची अट असते, शिवाय बराचसा वेळ शाळेतील प्रत्यक्ष सरावात जातो. त्यामुळे शिष्यवृत्तीने फी भागली तरी दोन वर्षांची मजुरी किंवा नोकरी बुडते. घरखर्चाचा हिशोब मांडताना ही रक्कम फीइतकीच मोठी धरा.

प्रश्न : आमचा मुलगा स्वमग्न असून इयत्ता दुसरीत एका खासगी इंग्रजी शाळेत आहे. “शॅडो टीचर तुम्ही आणा आणि पगारही तुम्हीच द्या, नाहीतर मुलाला घरी ठेवा,” असे शाळेने तोंडी सांगितले. मी रेल्वेत नोकरीस आहे. हे कायद्याला धरून आहे का? – एक पालक, अजनी

उत्तर : “नाहीतर घरी ठेवा” हा भाग कायद्याला धरून नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम १६ शासनाने मान्यता दिलेल्या सर्वच शैक्षणिक संस्थांना लागू होते, केवळ अनुदानित शाळांना नाही. दिव्यांग मुलाला भेदभावाविना प्रवेश देणे, त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी करणे आणि आवश्यक तेथे वैयक्तिक साहाय्य पुरवणे या जबाबदाऱ्या ते कलम शाळेवर टाकते. मदतनिसाच्या पगाराचे काय, हे मात्र कायद्यात शब्दशः लिहिलेले नाही, आणि घोडे इथेच पेंड खाते. शाळा म्हणते, आम्ही प्रवेश दिला, म्हणजे आमची जबाबदारी संपली. पालक मुलाचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून पदरमोड करतात आणि शाळेविरुद्ध एक ओळही कागदावर उतरत नाही.

ती ओळ आधी उतरवा. शाळेने तोंडी सांगितलेली अट आपण पत्रातून परत लिहून द्या: ‘अमुक तारखेच्या भेटीत आपण असे सांगितले. कलम १६ नुसार शाळा कोणते साहाय्य पुरवणार आहे, ते कळवावे.’ मुख्याध्यापकांकडून पोच घ्या. शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असेल, तर विशेष शिक्षकाची नेमणूक ही संलग्नतेच्या नियमांतील बाब आहे, म्हणून शाळेत तो शिक्षक कोण आहे आणि मुलाची वैयक्तिक शैक्षणिक योजना त्याने तयार केली आहे का, हेही याच पत्रात विचारा. उत्तर न आल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तक्रारीला धार येते ती तारीखवार कागदांनी.

तरीही तडजोड म्हणून पगार स्वतः द्यायचे आपण ठरवलेत, तर त्यात कमीपणा नाही. परंतु पैसे आपण देत असलो तरी मदतनिसाने वर्गात कोणाचे ऐकायचे, हे आधीच ठरायला हवे. माझे स्पष्ट मत असे आहे की, वर्गात तिने वर्गशिक्षिकेचे ऐकावे, पालकांचे नव्हे. अन्यथा मुलाभोवती वर्गातल्या वर्गात एक वेगळी खोली तयार होते, आणि वर्गशिक्षिका त्याच्याकडे वळूनही पाहीनाशी होते. कामाची वेळ, रजा, बदली व्यक्ती, शौचालयात नेण्याची पद्धत आणि पोलिस पडताळणी हे मुद्दे पालक, शाळा आणि मदतनीस या तिघांच्या सह्यांच्या एका कागदावर आणा. त्याच कागदावर दर तिमाहीला मदत किती कमी झाली, याचा आढावा घेण्याचे कलमही हवे.

खर्चापैकी काही भाग परत मिळू शकतो. आपण केंद्र सरकारचे कर्मचारी असल्याने मुलांच्या शैक्षणिक भत्त्याचा दर दिव्यांग अपत्यासाठी दुप्पट आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर, १ जानेवारी २०२४ पासून सर्वसाधारण दर दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे आणि दिव्यांग अपत्यासाठी ५,६२५ रुपये झाला. आपण सर्वसाधारण दरानेच दावा करत आला असाल, तर आस्थापना विभागाला आजच अर्ज द्या. जुन्या करप्रणालीत असाल, तर आयकर कायद्याखाली (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या उपचार, प्रशिक्षण व पुनर्वसनाच्या खर्चापोटी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. खर्च कमी झाला असला तरी वजावट ठरलेल्या रकमेचीच मिळते. स्वमग्नतेसाठी मात्र ठरावीक नमुन्यातील (१९६१ च्या कायद्याखाली १०-आयए) वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, त्यामुळे प्रणाली निवडण्याआधी दोन्हीकडचा हिशोब करून पाहा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण देते आणि थेरपीच्या खर्चाला तिचा आधार होतो. पगारासाठी तिचा उपयोग नाही.

हे सारे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. अनेक पालक शाळेला कळू नये म्हणून प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढणेच टाळतात आणि दुसरीकडे सवलती मागतात. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात मुलाचे नुकसान आहे.

प्रश्न : नातवाजवळ वर्गात मीच बसते. बाहेरची बाई ठेवण्यापेक्षा हे बरे नाही का? – एक आजी, महाल

उत्तर : आजी, सुरुवातीचे काही दिवस हे बरेच आहे. पण आजी शेजारी असताना मूल शिक्षिकेकडे कशाला पाहील? त्याला पाणी मागावे लागत नाही, वही शोधावी लागत नाही आणि शेजारच्या मुलाशी बोलावेही लागत नाही. आधी बाकावरून वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी, मग व्हरांड्यात आणि पुढे फाटकापर्यंत, असे टप्प्याटप्प्याने मागे सरका. कोणत्या आठवड्यात कुठे बसायचे, हे वर्गशिक्षिकेशी बोलून ठरवा. नातवालाही ते आदल्या दिवशी सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत विशेष गरजा असणारी चार मुले आहेत. दोन शिक्षकी शाळा आहे. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक महिन्यातून येऊन जातात. वर्गात मदतनीस ठेवण्यासाठी कोणत्या निधीतून तरतूद करता येईल? – एक मुख्याध्यापक, काटोल तालुका

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करतो. समग्र शिक्षा अभियानातील ‘मदतनीस भत्ता’ या नावामुळे अनेक शाळा फसतात. तो भत्ता मुलाला घरून शाळेत आणण्या-नेण्यासाठी सोबत करणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. वर्गात दिवसभर बसणाऱ्या व्यक्तीचे मानधन त्यातून निघत नाही. त्याच्याच जोडीला वाहतूक भत्ता, दृष्टिदोष असणाऱ्या मुलांसाठी वाचक भत्ता आणि मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता आहे. मुलींचा भत्ता पहिली ते बारावीपर्यंत दरमहा २०० रुपये याप्रमाणे दहा महिन्यांचा असून तो थेट बँक खात्यात जमा होतो. केंद्र सरकारच्या निकषानुसार विशेष गरजा असणाऱ्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद धरली जाते, परंतु ती साहित्य, साधने, तपासणी शिबिरे यांसारख्या बाबींसाठी असून शाळेच्या हातात रोख पडत नाही. चार मुलांचे चौदा हजार आमच्या खात्यात का आले नाहीत, असा प्रश्न गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

या साऱ्याची सुरुवात युडायसच्या, म्हणजे शाळा व विद्यार्थ्यांच्या सरकारी माहितीप्रणालीतील, नोंदीपासून होते. तिथे मुलाच्या नावापुढे दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेला नसेल, तर जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात ते मूलच नसते. ‘प्रशस्त’ या दिव्यांगत्वाच्या प्राथमिक चाचपणीसाठीच्या ॲपवरील तपासणीसूची आपण वर्गात भरू शकता. ते निदान नव्हे, पण पुढील वैद्यकीय तपासणीसाठी नाव जाण्याचा तो पहिला टप्पा आहे.

विशेष शिक्षकांच्या पदांचे चित्र गेल्या काही वर्षांत हलू लागले आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतील विशेष शिक्षकांचे प्रमाण निश्चित करण्याचा आदेश दिला. त्यानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर १५ मुलांमागे एक असे प्रमाण ठरवले. ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांना अशी पदे मंजूर करून भरण्यास सांगितले. मात्र हे आदेश शिक्षकांविषयीचे आहेत. त्यांतून मदतनिसाचे पद आपोआप निर्माण होत नाही, आणि चार मुलांच्या शाळेला पूर्णवेळ विशेष शिक्षकही मिळणार नाही. आपल्या केंद्रातील (शाळासमूहातील) इतर शाळांची मुले मोजून एक सामायिक पद मागणे अधिक वास्तवाला धरून होईल.

मानधनासाठी दोन दारे ठोठावण्यासारखी आहेत. पहिले आपल्याच ग्रामपंचायतीचे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करायची असते. अनेक गावांत ती वर्षअखेरीस घाईघाईने वस्तू वाटून संपवली जाते. शाळा व्यवस्थापन समितीने एप्रिल-मे महिन्यांतच ठराव करून, चारही मुलांची नावे व गरजा जोडून ग्रामसभेपुढे मागणी ठेवली, तर निदान चर्चा तरी होईल. ठरावात केवळ ‘मदतनीस हवा’ असे लिहू नये. किती तास, कोणत्या कामासाठी आणि किती महिने, हे लिहावे. मानधनाला मंजुरी मिळणे पंचायत समितीच्या भूमिकेवर अवलंबून राहील. ती न मिळाल्यास याच निधीतून शौचालयातील आधारदांडा, उतरता मार्ग, योग्य मापाची खुर्ची यांची मागणी करावी, कारण या तीन गोष्टी झाल्या की मदतनिसाचे निम्मे काम कमी होते.

दुसरे दार कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचे. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ‘विशेष शिक्षण’ या शब्दांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कोराडी, खापरखेडा, बुटीबोरी या पट्ट्यामुळे नागपूर जिल्ह्यात उद्योगांची वाण नाही. पण कंपनी एका शाळेतील एका बाईचा पगार सहसा देत नाही. सीएसआर-१ नोंदणी (हा निधी घेण्यासाठी संस्थेला लागणारी सरकारी नोंदणी) असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत तालुक्यातील दहा-बारा मदतनिसांचे प्रशिक्षण आणि वर्षभराचे मानधन असा प्रस्ताव केल्यास तो वाचला जातो. यासाठी केंद्रप्रमुखांना सोबत घ्यावे, एकट्या शाळेने धावपळ करू नये.

प्रश्न : मी एका विशेष शाळेत कंत्राटी काळजीवाहक आहे. प्रशिक्षण कोणी दिले नाही. मुलांना झटके येतात, भरवावे लागते, उचलावे लागते. कामावर असताना निदान काय शिकून घ्यावे? – एक वाचक भगिनी, हिंगणा मार्ग

उत्तर : या अंकातील सर्वांत महत्त्वाचे पत्र मी हेच मानतो. प्रशिक्षण न देता अशा जबाबदारीवर उभे करणे अन्यायाचे आहे आणि शाळेकडे ते लेखी मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तोपर्यंत थांबता येत नाही, म्हणून पुढील गोष्टी शाळेतील विशेष शिक्षिका किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या.

झटका आल्यावर प्रथम घड्याळ पाहा. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, डोक्याखाली ओढणी किंवा दप्तर द्या, गळ्याशी घट्ट असलेले बटण सोडा आणि आजूबाजूची बाके सरकवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, रुमाल, बोट असे काहीही घालू नका, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवू पाहणाऱ्यांना सौम्यपणे पण ठामपणे दूर करा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही द्यायचे नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, लागोपाठ दुसरा आला किंवा श्वास घेण्यात अडचण दिसली, तर १०८ वर फोन करून रुग्णालयात हलवायचे. मुख्याध्यापिका बैठकीत आहेत म्हणून थांबायचे नाही. औषध चुकणे, उपास, झोप न होणे आणि ताप यांमुळे झटक्याची शक्यता वाढते, म्हणून सकाळी मूल आले की, “गोळी झाली का, रात्री झोपला का?” हे दोन प्रश्न त्याला सोडायला आलेल्या व्यक्तीला विचारलेच पाहिजेत.

भरवताना मुलाची पाठ सरळ आणि पाय टेकलेले हवेत. अनेक जणी उभ्या राहून वरून घास देतात, त्यामुळे मूल मान मागे टाकते आणि घास श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका वाढतो. आपण समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. चमचा खालून आणा, हनुवटी किंचित खाली राहू द्या, आणि गिळल्याचे गळ्यावर दिसल्याशिवाय पुढचा घास देऊ नका. वरण-भात घट्टसर कालवलेला बरा, कारण पातळ पदार्थ अशा मुलांना अधिक त्रास देतात. खोकला, डोळ्यांत पाणी, जेवणानंतर घरघर ही लक्षणे पुन्हापुन्हा दिसली तर शाळेने डॉक्टरांना कळवले पाहिजे. उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यांत वाका आणि मुलाला अंगाशी घ्या. वाढत्या वयाच्या मुलाला एकटीने उचलायला स्पष्ट नकार द्या. पाठ गेली तर कंत्राटी कामगाराला विचारणारा कोणी नसतो.

सर्वांत अवघड कौशल्य थांबण्याचे आहे. समजा, मुलाला पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडायचे आहे. आपला हात सवयीने पुढे जातो. तो मागे ठेवा आणि मनात पाचपर्यंत मोजा. त्याने काही केले नाही तर बाटलीकडे नुसते बोट दाखवा. तरीही नाही, तर “फिरव” एवढाच एक शब्द. त्यानंतर मनगटाला हलका स्पर्श, आणि अगदी शेवटी त्याच्या हातावर आपला हात. पुढच्या आठवड्यात यातील एक पायरी कमी झाली की त्या मुलाचे शिक्षण झाले. विशेष शिक्षिका वैयक्तिक योजनेत जे उद्दिष्ट लिहिते, ते प्रत्यक्षात अशा पायऱ्यांतूनच पुढे सरकते, म्हणून आपल्या मुलांची उद्दिष्टे कोणती आहेत, हे तिला दर महिन्याला विचारत चला.

शौचालयाच्या मदतीबाबत शाळेची लेखी पद्धत हवी: कोणी न्यायचे, दार कसे ठेवायचे, कपडे बदलल्याची नोंद कुठे करायची. मुलींना शक्यतो स्त्री काळजीवाहकच हवी. ही पद्धत मुलांच्या संरक्षणासाठी आहे, तशी आपल्याही संरक्षणासाठी आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. “शाळेचे नाव जाईल” या सबबीखाली ते दडपता येत नाही.

एक जाड वही ठेवा. झटक्याची वेळ, तो किती मिनिटे चालला, आधी काय घडत होते, जेवण किती गेले, काय नवीन केले, एवढे रोज दोन ओळींत लिहा आणि आठवड्याला विशेष शिक्षिकेची सही घ्या. डॉक्टर औषधाची मात्रा ठरवताना ही वही मागतात, आणि पुढे आपण काळजीवाहकाच्या प्रमाणपत्रासाठी किंवा पदविकेसाठी अर्ज केलात, तर मुलाखतीत आपल्या अनुभवाविषयी बोलताना याच नोंदी कामी येतील. वहीत मुलांची वैद्यकीय माहिती असल्याने ती घरी न नेता शाळेच्या कपाटात कुलपात ठेवावी.